काष्ठपरीक्षा : नखापासून पोलादी गोळीपर्यंत

देवालयांच्या इतिहासात पाषाणाला आणि धातूला जे मानाचे स्थान लाभले, ते लाकडाला लाभले नाही. शिलालेख वाचले जातात, ताम्रपट जपून ठेवले जातात, घंटेवर कोरलेले वर्षही कोणीतरी टिपून ठेवतो. परंतु ज्या तुळईवर कौलारू छप्पर पिढ्यान्‌पिढ्या विसावले, ती तुळई कोणत्या वृक्षाची, ती कोणी पारखून घेतली आणि पारखताना कोणती कसोटी लावली, हे सहसा कोठे लिहिलेले आढळत नाही. नोकरीच्या काळात मालमत्तेच्या व लिलावाच्या नोंदवह्या लिहिण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे अनेक वर्षे होते. त्या नोंदवह्यांत सोन्याचा कस लिहिलेला असे, तांब्याचे वजन लिहिलेले असे. लाकडापुढे मात्र ‘नग अमुक’ एवढाच मजकूर असे.

ही उणीव केवळ इतिहासकाराला बोचणारी नाही. जीर्णोद्धाराचा विषय निघाला की महाजनांच्या सभेपुढे दोन विधाने हमखास येतात. पहिले, ‘जुने लाकूड कुजले आहे, ते काढून टाकावे’. आणि दुसरे, ‘त्या जागी नवे सागवान घालावे, अथवा लाकूडच नको, सिमेंट काँक्रीट घालावे’. दोन्ही विधाने खरी असू शकतात, खोटीही असू शकतात. त्यांची शहानिशा करावयाची तर लाकडाची परीक्षा कशी करतात, हे महाजनांना ठाऊक असले पाहिजे. म्हणून या परीक्षेचा इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचे योजिले आहे.

भोजराजाचे दोन प्रश्न

आपल्याकडे हा विचार नवीन नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत प्रतिमेसाठी वृक्ष निवडण्याकरिता वनात कसे जावे, याचे विवेचन करणारा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात शुभाशुभाचा भाग मोठा आहे. परंतु लाकडाच्या अंगच्या गुणांवरून त्याची प्रतवारी करण्याचा प्रयत्न पाहावयाचा असेल, तर धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या ग्रंथाकडे वळावे लागते. भोजराजाचा काळ इसवी सनाचे अकरावे शतक. या ग्रंथातील नौकाबांधणीच्या प्रकरणाकडे इतिहासप्रेमी वाचकांचे लक्ष वेधले ते राधाकुमुद मुखर्जी यांनी १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय नौकानयनावरील ग्रंथाने.

ग्रंथकाराने लाकडाचे चार वर्ग केले आहेत. हलके व मऊ, हलके व कठीण, जड व मऊ, आणि जड व कठीण. त्या काळच्या रीतीस अनुसरून त्याने या वर्गांना वर्णांची नावे दिली. ती नावे बाजूला ठेवून पाहिले तर मागे शुद्ध निरीक्षण उरते. त्याने लाकडाला दोनच प्रश्न विचारले : तू जड की हलके? आणि तू मऊ की कठीण? नौकेसाठी त्याने पसंती दिली ती हलक्या आणि कठीण लाकडाला. कठीणपणा आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकत्र पाहिल्यावाचून प्रतवारी होत नाही, हे तत्त्व येथे स्पष्टपणे मांडलेले दिसते. पुढील हजार वर्षांत माणसाने उपकरणे सुधारली. प्रश्न मात्र बव्हंशी तेच राहिले.

मेस्ताची पारख

ग्रंथ लिहिणारे थोडे; परंतु लाकूड ओळखणारे गावोगाव होते. ज्यांना आपण गोव्यात मेस्त म्हणतो, त्या सुतारांची परीक्षा सर्व इंद्रियांनी चाले. ओंडका हाताने उचलून अथवा हलवून वजनाचा अंदाज घेणे, आडव्या छेदावर जीभ किंवा ओला अंगठा लावून रेषा पाहणे, ताज्या भुशाचा वास घेणे, हातोडीने ठोकून नाद ऐकणे, आणि अंगठ्याचे नख दाबून वण उठतो की नाही ते पाहणे. पांगारा किंवा सावर यांवर नख सहज उमटते. सागवानावर जोर लावावा लागतो. शिसवावर नखच दुखते. नखाने निर्णय होईना, तर चाकू. चाकू आडव्या छेदावरून फिरविला असता मऊ लाकूड चुरते वा दबते. घट्ट लाकडाची कापलेली बाजू गुळगुळीत व चमकदार दिसते.

या पारखीतूनच कोणत्या कामाला कोणते लाकूड हे ठरत गेले. गाडीचा आस व हत्यारांचे दांडे धावड्याचे, कारण तो घाव सोसतो. वासे व तुळया माट्टीच्या, म्हणजे ऐनाच्या, किंदळीच्या आणि जांभ्याच्या. येथे जांभा म्हणजे आपला तांबडा दगड नव्हे, तर त्याच नावाचा वृक्ष. त्याचे लाकूड इतके टणक की रेल्वेचे स्लीपरही त्याचे घालीत. पाट व चौरंग फणसाचे; मृदंगाचे खोड आणि दक्षिणेतील वीणाही फणसाचीच. ही निवड सहज म्हणून झालेली नाही. तिच्यामागे कित्येक पिढ्यांच्या चुका आणि अनुभव आहेत.

या पारखीला एक मर्यादा होती. ती मेस्ताच्या हातात होती आणि त्याच्याबरोबरच जात असे. एका मेस्ताचे ‘कठीण’ दुसऱ्याच्या ‘बऱ्यापैकी कठीण’शी ताडून पाहण्याचे साधन नव्हते. शंभर कोस दूर असलेल्या खरेदीदाराला पत्राने कठीणपणा कळविता येत नव्हता. ही अडचण प्रथम प्रकर्षाने जाणवली ती आरमारांना.

आरमार आणि सागवान

अठराव्या शतकात युरोपातील राष्ट्रांचे सामर्थ्य ओक वृक्षाच्या लाकडावर तरंगत होते. फ्रान्समध्ये बुफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने आरमारमंत्र्याच्या सूचनेवरून ओकच्या सुमारे हजार तुकड्यांवर भार टाकून ते मोडून पाहिले आणि त्याचे निष्कर्ष १७४० व १७४१ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. लाकडाचे बळ त्याच्या वजनाच्या प्रमाणात वाढते, हा त्यांतील एक महत्त्वाचा निष्कर्ष. मेस्त ओंडका उचलून जे अजमावीत असे, त्याला आता आकड्यांचा आधार मिळाला.

इकडे हिंदुस्थानात आरमाराचे लाकूड म्हणजे सागवान. पोर्तुगीज भाषेतील ‘तेका’ हा शब्द मलयाळम् ‘तेक्कु’वरून आला. कोचीनचे डच गव्हर्नर व्हान ऱ्हेड यांच्या ‘हॉर्तुस मलाबारिकुस’ या १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत छापलेल्या वनस्पतिग्रंथात हा वृक्ष सचित्र वर्णिलेला आहे. त्या ग्रंथाच्या कामी रंग भट, विनायक पंडित आणि आप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी साहाय्य केले होते, आणि त्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेले आहे. गोमंतकातून देशांतर केलेल्या समाजाचा हा वारसा असल्याने त्याचा येथे मुद्दाम उल्लेख केला.

सागवानाचे सामर्थ्य पाहावयाचे तर दमणला बांधलेल्या एका जहाजाची कथा पुरेशी आहे. पेशव्यांनी १७७९ च्या तहानंतर नगर हवेलीचा मुलूख १७८३ साली पोर्तुगीजांना दिला. त्या मुलखातील अरण्याचे सागवान दमणच्या गोदीत आणून ‘दों फेर्नांदु सेगुंदु ई ग्लोरिया’ ही पन्नास तोफांची फ्रिगेट बांधण्यात आली. ती १८४३ साली पाण्यात उतरली आणि १८४५ साली गोव्याहून लिस्बनला पहिल्या सफरीस निघाली. पुढे तिने आरमाराची सेवा केली, नंतर तोफखान्याची शाळा म्हणून ती वापरली गेली. १९६३ साली तिला आग लागली. तिचा जळका सांगाडा तेजू नदीच्या चिखलात जवळजवळ तीस वर्षे पडून होता. इतके होऊनही तिची पुनर्बांधणी करण्यात आली आणि १९९८ च्या लिस्बन येथील जागतिक प्रदर्शनात ती लोकांना पाहावयास मिळाली.

आता येथे एक प्रश्न सहजच उभा राहतो. ज्या लाकडाने हा पराक्रम केला, ते लाकूड अतिशय कठीण असले पाहिजे, असे कोणालाही वाटेल. याचे उत्तर मिळावयास कठीणपणा मोजण्याचे साधन हवे होते, आणि ते साधन विसाव्या शतकाच्या आरंभी मिळाले.

यांका यांची गोळी

खनिजांच्या कठीणपणाची ओरखड्यावरून दहा पायऱ्यांची श्रेणी लावण्याची पद्धत मोह्स या शास्त्रज्ञाने १८१२ साली घालून दिली होती. परंतु लाकडावर ओरखडा काढला तर रेषेच्या दिशेने एक उत्तर मिळते आणि आडवा काढला तर दुसरे. धातूंसाठी स्वीडनच्या ब्रिनेल या अभियंत्याने १९०० साली वेगळी युक्ती काढली. पोलादाची गोळी ठरावीक भाराने धातूत दाबावयाची आणि पडलेला खळगा मोजावयाचा. व्हिएन्नाजवळील मारियाब्रुन येथील वनसंशोधन संस्थेत काम करणारे गाब्रिएल यांका यांनी ही युक्ती १९०६ साली लाकडाला लागू केली. मात्र त्यांनी ती उलटी केली. भार ठरवून खळगा मोजण्याऐवजी त्यांनी खळगा ठरविला आणि भार मोजला.

त्यांची गोळी ११.२८ मिलिमीटर व्यासाची. हा विचित्र आकडा का, असे वाचकांना वाटेल. गोळी निम्मी आत गेली असता वर्तुळाकार खळग्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ बरोबर एक चौरस सेंटिमीटर भरते. त्यामुळे गोळी निम्मी आत जाण्यास जितके किलो भार लागेल, तितके किलो प्रति चौरस सेंटिमीटर हा त्या लाकडाचा कठीणपणा, असा सरळ हिशेब झाला. कारकुनी पेशात आयुष्य गेलेल्या माणसाला या हिशेबातील नेटकेपणाचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. अमेरिकेत या चाचणीला १९२७ साली प्रमाणित रूप मिळाले आणि आज जगभर लाकडाचा कठीणपणा ‘यांका’ या नावानेच सांगतात.

या मापाने पाहिले असता दक्षिण अमेरिकेतील बाल्सा हे अत्यंत मऊ लाकूड तीस-चाळीस किलो भारातच गोळी आत घेते. लिग्नम व्हिटी नावाचे पाण्यात बुडणारे जड लाकूड सुमारे २,००० किलो भार मागते. आपला शिसव सुमारे १,१०० किलो. अमेरिकेतील तांबडा ओक सुमारे ५८५ किलो. आणि ज्याने समुद्र जिंकला ते सागवान? सुमारे ४८५ किलो. म्हणजे ओकपेक्षाही मऊ, आणि शिसवाच्या निम्म्याहूनही कमी!

कठीण म्हणजे उत्तम नव्हे

या आकड्यातच सर्व काष्ठपरीक्षेचे मर्म आहे. सागवान श्रेष्ठ आहे ते कठीणपणामुळे नव्हे. ते वाळताना फारसे आकसत नाही, वाकत नाही, तडकत नाही. त्याच्या गाभ्यात नैसर्गिक तेले व टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये असतात आणि त्यांमुळे वाळवी त्यापासून दूर राहते. त्याचे वजनही बळाच्या मानाने बेताचे. सर्व गुणांचा समतोल हेच त्याचे वैशिष्ट्य.

याचीच दुसरी बाजू आंब्याच्या लाकडात दिसते. वाळलेले आंब्याचे लाकूड वजनाने व कठीणपणाने सागवानाच्या अगदी जवळ येते. गोळीची परीक्षा एकटीच लावली तर दोन्ही एकाच प्रतीत बसतील. परंतु आंब्याला बुरशी व कीड लवकर लागते. सागवान पिढ्यान्‌पिढ्या टिकते. म्हणून जो केवळ कठीणपणा पाहून लाकूड घेईल, तो एक दिवस सागवानाच्या भावाने आंबा घेऊन घरी येईल.

हे तत्त्व भारतात पद्धतशीरपणे मांडले गेले ते देहरादून येथील वनसंशोधन संस्थेत. योगायोग असा, की यांका यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली त्याच १९०६ साली ही संस्था स्थापन झाली. त्यापूर्वी १८८१ साली जेम्स सायक्स गॅम्बल यांनी हिंदी लाकडांचा मोठा मार्गदर्शक ग्रंथ लिहून शेकडो जातींची वजने व उपयोग नोंदविले होते. देहरादूनच्या संशोधकांनी पुढील पाऊल टाकले. त्यांनी लाकडाचे बळ, ताठरपणा, आघात सोसण्याची शक्ती, आकार टिकविण्याचा गुण, कठीणपणा असे निरनिराळे गुण स्वतंत्रपणे मोजले आणि प्रत्येक गुणात सागवानाला १०० धरून इतर लाकडांचे आकडे काढले. अशा रीतीने सागवान हे आपल्या देशात लाकूड मोजण्याचे मापच झाले.

टिकाऊपणाची परीक्षा तर मोठी नामी आहे. तिला ‘स्मशान चाचणी’ असेच नाव आहे. निरनिराळ्या लाकडांच्या खुंट्या ओळीने जमिनीत अर्ध्या पुरून ठेवतात आणि वाळवी व बुरशी त्यांचा फडशा किती महिन्यांत पाडतात ते पाहतात. सरासरी १२० महिने वा अधिक काळ टिकले तर पहिला वर्ग, ६० ते १२० महिने टिकले तर दुसरा, त्याहून कमी तर तिसरा. सागवानाचा गाभा पहिल्या वर्गात आहे, आंबा तिसऱ्यात.

पुढे भारतीय मानक संस्थेने या साऱ्या पद्धतींना प्रमाणित रूप दिले. तिच्या १७०८ क्रमांकाच्या मानकात कठीणपणाची चाचणी दिली आहे, आणि ती लाकडाच्या आडव्या छेदावर व दोन्ही बाजूंवर स्वतंत्रपणे करावयाची असते, कारण एकाच तुकड्याचे तिन्ही आकडे वेगळे येतात. बांधकामाच्या लाकडाची प्रत ठरविताना जातीबरोबरच गाठी, चिरा, भोके आणि रेषेचा तिरपेपणा हेही पाहून निवडक, पहिली व दुसरी अशा प्रती लावतात. उत्तम जातीचे गाठाळ लाकूड मध्यम जातीच्या निर्दोष लाकडापेक्षा तुळईला अधिक घातक ठरू शकते.

आवारातच करता येण्याजोग्या परीक्षा

देहरादूनची यंत्रे देवळाच्या आवारात येऊ शकत नाहीत. परंतु त्यांच्यामागील तत्त्वे येऊ शकतात. पुढील चार परीक्षा कोणाही महाजनाला मेस्ताच्या साहाय्याने करता येतील. त्यांपूर्वी एक पथ्य पाळावे. ओले लाकूड नेहमी मऊ आणि जड असते; म्हणून तुलना करावयाचे तुकडे सारखेच वाळलेले असावेत. प्रयोगशाळेत १२ टक्के ओलावा प्रमाण मानतात. आपल्याकडील पावसाळ्यात उघड्यावरचे लाकूड एवढे कोरडे राहत नाही, म्हणून परीक्षा उन्हाळ्यात करावी.

पहिली परीक्षा तरंगविण्याची. सारख्या जाडीची वीस सेंटिमीटर लांबीची बारीक काठी तासून घ्यावी, तिच्यावर दर दोन सेंटिमीटरला खूण करावी, आणि उंच अरुंद नळकांड्यात पाणी भरून ती उभी सोडावी. दहा भागांपैकी जितके भाग बुडतील, तितके दशांश तिचे वजन पाण्याच्या तुलनेत. साडेसहा भाग बुडाले तर एका घनमीटरला सुमारे ६५० किलो. चांगले वाळलेले सागवान सहा व सात यांच्या दरम्यान उभे राहते. शिसव आठाच्या वर बुडतो. वाचन तत्काळ करावे, नाहीतर काठी पाणी पिऊ लागते.

दुसरी परीक्षा गोळीची. बोहेमियातील क्लाद्नो येथील पोल्डी पोलाद कारखान्याने धातूंसाठी एक हातोडी प्रचारात आणली होती. तीत ज्ञात कठीणपणाची पट्टी आणि तपासावयाचा धातू यांच्यामध्ये गोळी ठेवून वरून घाव घालीत. गोळी दोन्हीकडे खळगा पाडी आणि दोन खळग्यांची तुलना केली की कठीणपणा कळे. त्याच तत्त्वावर, बेअरिंगमधील सुमारे एक सेंटिमीटरची पोलादी गोळी घ्यावी, एका बाजूस खात्रीचे जुने सागवान आणि दुसऱ्या बाजूस नवा तुकडा ठेवावा, दोन्हीकडे कार्बन कागद घालावा, आणि मेस्ताच्या शेगड्यात तिन्ही आवळावे. दोन्ही तुकड्यांवर भार एकच पडतो. म्हणून ज्यावरील खळगा मोठा, ते लाकूड मऊ. दोन्ही तुकड्यांची बाजू तीच असावी, आणि एका खळग्यावर निर्णय न करता पाच-सहा ठिकाणी दाबून सरासरी घ्यावी.

तिसरी परीक्षा टोच्याची. ही जुन्या, जागेवरच्या लाकडासाठी. खांबाच्या पायथ्याशी जेथे फरशी धुतल्याचे पाणी लागते, आणि तुळईचे टोक जेथे भिंतीत शिरते, या दोन जागांत कूज प्रथम धरते. तेथे अणकुचीदार टोचा थोडा खुपसून वर उचलावा. लाकूड निरोगी असेल तर लांब, धारदार ढलपी सुटते आणि सुटताना कडकडते. कुजलेले लाकूड आवाज न करता तुकड्यातुकड्यांनी मोडते. कूज लाकडाचे वजन फारसे घटण्यापूर्वीच त्याचे बळ खाते. म्हणून अशा ठिकाणी तरंगविण्याच्या परीक्षेवर विसंबू नये.

चौथी परीक्षा नादाची. हातोडीने वरपासून खालपर्यंत हळूहळू ठोकत जावे. भरीव लाकूड खणखणते, पोकळ वा कुजलेले दबक्या आवाजाचे असते. जेथे आवाज बदलतो तेथे खडूने खूण करावी. मोठ्या व मौल्यवान खांबांच्या बाबतीत मात्र येथे थांबू नये. ठरावीक शक्तीने बारीक खिळा मारून तो किती खोल गेला ते दाखविणारे पायलोडिन, आणि बारीक सुईसारखा गिरमिट आत घालून त्याला होणाऱ्या विरोधाचा आलेख काढणारे रेझिस्टोग्राफ, अशी उपकरणे आज जाणकारांकडे मिळतात. त्यांनी खांबाला जाणवण्याजोगी इजा होत नाही आणि पोटातील अवस्था कळते.

महाजनांपुढील प्रश्न

आता मूळ विषयाकडे येऊ. पूर्वी लाकूड ओळखीच्या रानातून येत असे आणि ओंडका पाहून झाड कळत असे. ते दिवस गेले. १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये गोव्यात परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, आणि ते योग्यच आहे. बाजारात सागवान म्हणून जे मिळते त्यातील पुष्कळसे आफ्रिका व दक्षिण अमेरिका येथील लागवडीचे असते. ते सागवानच असते. परंतु कोवळ्या झाडात गाभा थोडा आणि सालीकडील फिकट लाकूड अधिक. टिकाऊपणा असतो तो गाभ्यात; फिकट भागाला तो गुण नाही. नाव तेच, भाव तोच, वस्तू मात्र वेगळी. अशा वेळी पावतीवरील शब्दापेक्षा छेदावरील रंगाकडे आणि गोळीच्या खळग्याकडे पाहणे अधिक शहाणपणाचे.

उलट, देवळातील ज्या जुन्या तुळया आपण ‘जुनाट’ म्हणून काढावयास निघतो, त्या बहुधा पूर्ण वाढ झालेल्या वृक्षांच्या गाभ्यातून काढलेल्या असतात. तशा प्रतीचे लाकूड आज पैसे मोजूनही सहजी मिळत नाही. तुळईचे एक हातभर टोक भिंतीत कुजले असेल तर तेवढेच कापून नवे जोडता येते. त्यासाठी सबंध तुळई जळणाच्या भावाने देण्याचे कारण नाही. बांदिवडे येथील श्रीमहालक्ष्मीच्या सभामंडपातील विष्णुमूर्तींचे काष्ठशिल्प पाहून आपण धन्यता मानतो. ते टिकले याचे श्रेय शिल्पकाराइतकेच लाकूड निवडणाऱ्या अनामिक मेस्ताला आहे. कोरीवकाम नसलेली साधी तुळईही त्याच मेस्ताच्या डोळ्यांची साक्ष देत असते.

हे सर्व पाहता प्रस्तुत लेखकाची महाजनांना एक नम्र सूचना आहे. देवस्थानांचा कारभार १९३३ च्या नियमावलीखाली चालत आला. त्यात दागिन्यांची, भांड्यांची व जमिनींची नोंद ठेवण्याची शिस्त आपल्याला लागलेली आहे. त्याच शिस्तीने प्रत्येक देवस्थानाने लाकडाची एक नोंदवही घालावी. प्रत्येक खांबाला व तुळईला क्रमांक द्यावा. पुढे जात, लांबी-रुंदी, टोच्याच्या व नादाच्या परीक्षेचा निष्कर्ष आणि तारीख लिहावी. दर पाच वर्षांनी उन्हाळ्यात ही परीक्षा पुन्हा करावी. नवे लाकूड घेतले तर त्यातील वीतभर तुकडा क्रमांक घालून जपून ठेवावा, म्हणजे पुढील पिढीला तुलनेसाठी खात्रीचे माप हाताशी राहील. या कामाला खर्च नाममात्र आहे. एक मेस्त, एक टोचा, एक पोलादी गोळी आणि एक कारकून एवढे पुरे.

ही नोंदवही असली म्हणजे जीर्णोद्धाराच्या सभेत ‘कुजले आहे’ आणि ‘कुजले नाही’ असा वाद होणार नाही. वही उघडली जाईल. कोणते लाकूड ठेवावयाचे आणि कोणते बदलावयाचे, हे मोठ्या आवाजावर न ठरता परीक्षेवर ठरेल. आपल्या पूर्वजांनी ठेवा म्हणून आपल्या हाती जे दिले, त्यातील सोने आपण तोलून ठेवतो. लाकडालाही आता तोच न्याय मिळावा.